सौर वाऱ्यातले बारीक भोवरे कसे मोजतात? आणि त्यासाठी एक यान का पुरत नाही?

मोबाइलमधलं कंपास ॲप तुम्ही कधी ना कधी उघडलं असेलच. ते चालतं मॅग्नेटोमीटर नावाच्या छोट्याशा चिपवर. सेन्सरचे आकडे दाखवणारं एखादं ॲप टाकून बघा. महाराष्ट्रात कुठेही मोकळ्या जागी उभे राहिलात, तर चुंबकीय क्षेत्राचा आकडा साधारण ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास दिसेल. मोबाइल टेबलावर स्थिर ठेवला तरी आकड्याचा शेवटचा अंक थोडा थोडा हलतच राहतो. ती हालचाल पृथ्वीच्या क्षेत्राची नसते, बहुतेक करून सेन्सरचीच असते.

आता कल्पना करा, की हाच सेन्सर तुम्हाला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर लांब न्यायचा आहे. तिथलं चुंबकीय क्षेत्र साधारण ५ नॅनोटेस्ला आहे, म्हणजे इथल्यापेक्षा सुमारे ८००० पट कमी. तुम्हाला मोजायचंय ते क्षेत्रसुद्धा नाही, तर त्या क्षेत्रातली बारीक थरथर. ती नॅनोटेस्लाच्या शंभराव्या भागाइतकी, कधी त्याहूनही कमी असते. आणि ती सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने तुमच्या अंगावरून निघून जाते.

हे काम शास्त्रज्ञ खरोखर करतात. कसं करतात, का करतात आणि त्यात नेमकं काय अडतं, ते या लेखात बघूया.

थोडक्यात

• सूर्यातून सतत वाहणाऱ्या प्लाझ्माला सौर वारा म्हणतात. त्यात मोठे भोवरे फुटून लहान भोवरे होत राहतात. यालाच टर्ब्युलन्स म्हणतात.
• सगळ्यात लहान भोवऱ्यांपाशी ऊर्जेची उष्णता होते. ती नेमकी कशी होते, हा अजून न सुटलेला प्रश्न आहे.
• एकटं यान फक्त एका जागचं मोजतं. त्यामुळे बदल वेळेमुळे झाला की जागेमुळे, हे त्याला कळत नाही.
• म्हणून एकापेक्षा जास्त यानं एकत्र उडवावी लागतात.

सौर वारा म्हणजे नक्की काय?

सूर्याचं बाहेरचं वातावरण, म्हणजे कोरोना, इतकं तापलेलं असतं की सूर्याचं गुरुत्वाकर्षण त्याला पूर्ण धरून ठेवू शकत नाही. ते सगळीकडे वाहत सुटतं. युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये हे गणिताने मांडलं, तेव्हा बऱ्याच जणांना ते पटलं नव्हतं. पुढे सोव्हिएत संघाचं लुना-२ आणि १९६२ मध्ये नासाचं मरिनर-२ या यानांनी हा वारा प्रत्यक्ष मोजला आणि वाद मिटला.

वारा म्हटलं तरी हा आपल्या हवेसारखा नाही. यात अणू फुटलेले असतात. प्रोटॉन वेगळे, इलेक्ट्रॉन वेगळे. अशा पदार्थाला प्लाझ्मा म्हणतात. तो चुंबकीय क्षेत्र सोबत ओढत नेतो. पृथ्वीच्या आसपास त्याचा वेग साधारण ३०० ते ८०० किलोमीटर प्रतिसेकंद असतो. तापमान लाखभर अंशांच्या घरात जातं. पण तो भयंकर विरळ असतो. साखरेच्या क्यूबएवढ्या जागेत जेमतेम पाच-दहा प्रोटॉन. तेवढ्याच जागेत आपल्या हवेचे रेणू असतात २५ वर १८ शून्यं दिल्यावर येईल तितके.

टर्ब्युलन्स: चहाच्या कपातला आणि सौर वाऱ्यातला

चहात चमचा फिरवला की एक मोठा भोवरा तयार होतो. तो फुटून लहान होतात, लहानांचे आणखी लहान. शेवटी भोवरे इतके बारीक होतात की द्रवाचा चिकटपणा, म्हणजे रेणूंचं एकमेकांवर घासणं, त्यांना थांबवतं. चमच्याने दिलेली ऊर्जा चहात मुरते आणि चहा अगदी किंचित तापतो. आपल्याला ते जाणवत नाही, पण हिशोब पूर्ण होतो.

रशियन गणितज्ञ आंद्रेई कोल्मोगोरोव यांनी १९४१ मध्ये या उतरंडीचा एक साधा नियम मांडला. भोवरे जितके लहान, तितकी त्यांच्यात ऊर्जा कमी आणि ही घट एका ठरावीक चालीने होते. आलेखावर तिचा उतार वजा ५/३ येतो. सोप्या भाषेत सांगायचं तर फ्रिक्वेन्सी दहापट वाढली की सिग्नलची ताकद साधारण ४६ पटींनी घटते.

गंमत म्हणजे सौर वाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा आलेख काढला, तर त्याच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात जवळपास हाच उतार दिसतो. कुठे चहाचा कप आणि कुठे अंतराळ! पण एका ठिकाणी ही तुलना मोडते आणि खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

मग अडतंय कुठे?

चहात शेवटचं काम घर्षण करतं. सौर वाऱ्यात घर्षणच नाहीसं आहे. तो इतका विरळ आहे की एखादा प्रोटॉन सूर्यापासून पृथ्वीपर्यंत साधारण १५ कोटी किलोमीटर येतो आणि त्या सगळ्या प्रवासात त्याची दुसऱ्या कणाशी जेमतेम एखादी टक्कर होते.

टकराच नाहीत, तर भोवऱ्यातली ऊर्जा उष्णतेत बदलते कशी?

बदलते हे मात्र नक्की. पसरणारा वायू थंड होतो. सौर वाराही सूर्यापासून दूर जाताना पसरत जातो, म्हणून तोही झपाट्याने थंड व्हायला हवा. पण १९७० च्या दशकात सोडलेल्या हेलिओस आणि व्हॉयेजर यानांच्या मोजमापांतून दिसलं की तो अपेक्षेपेक्षा बराच हळू थंड होतो. याचा अर्थ वाटेत कोणीतरी त्याला तापवतंय. सगळ्यात मोठा संशय याच बारीक टर्ब्युलन्सवर आहे.

हा प्रश्न फक्त सौर वाऱ्यापुरता नाही. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५५०० अंश सेल्सिअस, मग त्याच्यावरचा कोरोना दहा लाख अंशांच्या वर कसा, या जुन्या कोड्याशी तो जोडलेला आहे. कृष्णविवरांभोवतीचा प्लाझ्मा किंवा दोन दीर्घिकांमधला वायू आपण दुर्बिणीतून फक्त लांबून बघू शकतो. सौर वारा मात्र असा प्लाझ्मा आहे, ज्यात आपण उपकरण बुडवून मोजू शकतो. म्हणून त्याला अंतराळातली प्रयोगशाळा म्हणतात.

'बारीक' म्हणजे किती बारीक?

पृथ्वीजवळ वारा ४०० किलोमीटर प्रतिसेकंद वाहतोय असं धरू. मग वेगवेगळ्या आकाराचे भोवरे यानावरून जायला किती वेळ लागेल ते बघा:

• मोठे भोवरे, सुमारे १० लाख किलोमीटर: साधारण ४० मिनिटं
• प्रोटॉनच्या पातळीवरचे, सुमारे १०० किलोमीटर: पाव सेकंद
• इलेक्ट्रॉनच्या पातळीवरचे, १ ते २ किलोमीटर: सेकंदाचा ४०० वा ते २०० वा भाग

प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गोल गोल फिरतात. त्यांच्या घिरट्यांच्या आकारावरून या पातळ्या ठरतात. भोवऱ्याचा आकार प्रोटॉनच्या घिरटीएवढा झाला की नियम बदलतात. आलेखाचा उतार अचानक तीव्र होतो, वजा ५/३ वरून साधारण वजा २.८ पर्यंत. म्हणजे इथे फ्रिक्वेन्सी दहापट वाढली की ताकद ६०० पटींहून जास्त घटते. सिग्नल किती पटकन मरतो, याचा अंदाज आला असेल.

यानावर कोणती उपकरणं असतात?

*फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटर.* यात एका चुंबकीय गाभ्याभोवती तारेची कॉइल असते. तिच्यात उलटसुलट करंट सोडून गाभा पुन्हा पुन्हा पूर्ण चुंबकित करतात. बाहेर चुंबकीय क्षेत्र असेल तर या चक्रात एक बारीकसा तिरकेपणा येतो आणि त्यावरून क्षेत्र मोजलं जातं. सावकाश होणारे बदल पकडण्यात हे तरबेज.

*सर्च कॉइल.* चुंबकीय गाभ्यावर तारेचे हजारो वेढे. शाळेत शिकलेला फॅराडेचा नियम आठवा: क्षेत्र बदललं की तारेत व्होल्टेज तयार होतं. बदल जितका जलद, तितकं व्होल्टेज जास्त. म्हणून जलद बदलांसाठी हे उपकरण वापरतात. पण स्थिर क्षेत्र याला दिसतच नाही. त्यामुळे दोन्ही उपकरणं लावून त्यांचा डेटा एकत्र शिवावा लागतो.

*विद्युत क्षेत्राचे अँटेना.* यानापासून लांब पसरलेल्या तारांच्या टोकांमधला व्होल्टेजचा फरक मोजतात. नासाच्या एमएमएस यानांवर अशा चार तारा आहेत, प्रत्येकी ६० मीटर. यान स्वतःभोवती फिरत असतं, त्यामुळे तारा ताणलेल्या राहतात. याच अँटेनावर प्लाझ्माचा स्वतःचा रेडिओ सूरही पकडता येतो. घनसेंटिमीटरला पाच इलेक्ट्रॉन असतील तर तो सूर साधारण २० किलोहर्ट्झवर असतो. सूर कळला की घनता कळली.

*कण मोजणारी उपकरणं.* कोणत्या दिशेने, किती ऊर्जेचे, किती कण आले, हे ती सांगतात. जुन्या यानांत यान एक गिरकी पूर्ण करेपर्यंत थांबावं लागायचं, तेव्हा कुठे सगळ्या दिशा बघून व्हायच्या. क्लस्टर यानांची एक गिरकी ४ सेकंदांची. तेवढ्यात प्रोटॉन पातळीचे १६ भोवरे निघून गेलेले असतात! एमएमएसने यावर तोडगा काढला: प्रत्येक यानाच्या चारही बाजूंनी सेन्सर बसवले. आता इलेक्ट्रॉनचं पूर्ण चित्र दर ३० मिलिसेकंदांनी मिळतं आणि आयनांचं दर १५० मिलिसेकंदांनी.

वेग का महत्त्वाचा? मोबाइलवर पंख्याचा व्हिडिओ काढताना तो कधी कधी उलटा फिरताना दिसतो, आठवतंय? कॅमेरा पुरेशा वेळा फोटो घेत नाही, म्हणून खोटी हालचाल दिसते. इथेही तसंच आहे. एखादा बदल खरा पकडायचा असेल तर त्याच्या किमान दुप्पट वेगाने सॅम्पल घ्यावे लागतात. म्हणूनच एमएमएसची सर्च कॉइल गरजेच्या वेळी सेकंदाला ८१९२ सॅम्पल घेते. एवढा सगळा डेटा पृथ्वीवर पाठवणं परवडत नाही. म्हणून आधी हलक्या डेटावर नजर टाकून, कोणत्या मिनिटांचा पूर्ण डेटा खाली आणायचा ते ठरवलं जातं. ही निवड करायला शास्त्रज्ञ पाळीपाळीने ड्युटीवर असतात.

यान स्वतःच गडबड करतं तेव्हा

आता गंमत बघा. सगळ्यात मोठा आवाज सौर वाऱ्याचा नसतो, यानाचा असतो. सोलर पॅनेलमधला करंट, मोटरी, बॅटऱ्या, प्रत्येक गोष्ट स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करते. मोबाइलच्या कंपासजवळ स्पीकर नेला की सुई भरकटते, तसंच.

हे दुखणं जुनं आहे आणि त्याचा एक किस्सा थेट मुंबईतला आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १९ व्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवली जात होती. मग मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या करंटमुळे नोंदी बिघडणार, हे उघड होतं. म्हणून वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबागला हलवली. तिथे १९०४ मध्ये काम सुरू झालं. लगेच कुलाबा बंद केलं नाही. सुमारे दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप घेऊन आकडे जुळवून पाहिले, मगच पूर्ण स्थलांतर केलं. त्यामुळे नोंदींची साखळी तुटली नाही.

यानाला अलिबाग नसतं. म्हणून मॅग्नेटोमीटर एका लांब दांड्याच्या टोकाला बसवतात. या दांड्याला बूम म्हणतात. भारताच्या आदित्य-एल१ यानाचा बूम ६ मीटरचा आहे आणि त्यावर दोन सेन्सर आहेत, एक ३ मीटरवर आणि दुसरा ६ मीटरवर. यानातून येणारी गडबड जवळच्या सेन्सरला जास्त जाणवते, लांबच्याला कमी. खरं सौर क्षेत्र मात्र दोघांना सारखंच दिसतं. दोघांची तुलना केली की यानाचा वाटा वजा करता येतो. कुलाबा आणि अलिबागसारखी जोडीच म्हणा ना!

एवढं करूनही उपकरणाचा स्वतःचा नॉइज उरतोच. इलेक्ट्रॉनच्या पातळीवर सिग्नल त्या नॉइजच्या अगदी काठावर येतो. यातून एक वाद उभा राहिला. क्लस्टरच्या डेटावरून काही शास्त्रज्ञांना तिथे उतार आणखी एकदा मोडताना दिसला, तर काहींना तो मोडण्याऐवजी हळूहळू वाकत जाताना दिसला. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्हींतून ऊर्जा संपण्याची वेगळी रीत सुचते. पण नॉइजच्या काठावर उभं राहून ठाम बोलणं अवघड असतं.

सगळ्यात मोठी अडचण: वेळ बदलली की जागा?

समजा तुम्ही प्लॅटफॉर्मवर उभे आहात आणि समोरून न थांबता गाडी जातेय. गाडीचा वेग माहीत असेल, तर एक डबा जायला किती वेळ लागला यावरून तुम्ही डब्याची लांबी काढू शकता. एका जागी उभं राहून!

एकटं यान हेच करतं. वारा त्याच्यावरून जातो आणि ते फक्त वेळेनुसार आकडे नोंदवतं. मग वेळेला वाऱ्याच्या वेगाने गुणून भोवऱ्याचा आकार काढतात. ही युक्ती ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३८ मध्ये हवेच्या प्रवाहासाठी मांडली. तिच्यामागचं गृहीतक असं की भोवरा तुमच्यासमोरून जाताना जणू गोठलेला असतो, त्या तेवढ्या वेळात तो बदलत नाही.

पृथ्वीजवळ हे बऱ्यापैकी चालतं. वाऱ्याचा वेग ४०० किलोमीटर प्रतिसेकंद आणि त्यातल्या चुंबकीय लहरींचा वेग साधारण ५०. म्हणजे गाडी सुसाट आहे आणि आतली माणसं सावकाश चालताहेत.

पण दोन ठिकाणी हे मोडतं. एक, सूर्याजवळ. तिथे वारा अजून पुरता वेगात आलेला नसतो आणि लहरी मात्र जोरात असतात. गाडी हळू आणि आतली माणसं पळत सुटलेली! दोन, अगदी बारीक पातळीवर. तिथल्या काही प्रकारच्या लहरी आकार लहान होईल तशा जास्त वेगाने धावतात. अशा वेळी यानाने नोंदवलेला बदल म्हणजे समोरून गेलेला भोवरा, की जागच्या जागी धडधडणारी लहर? एका यानाला हे सांगता येत नाही. उपकरण कितीही महागडं असू द्या, कितीही जलद असू द्या. अडचण उपकरणाची नाही, एकटं असण्याची आहे.

चार यानं, एक समोसा

उपाय सोपा वाटतो: जास्त यानं पाठवा. पण किती? जमिनीचा उतार आणि त्याची दिशा काढायला तीन बिंदू लागतात. अंतराळात वर-खालीही बघायचं असतं, म्हणून कमीत कमी चार. ही चार यानं समोशासारख्या चार कोपऱ्यांच्या आकारात उडवतात. चारही कोपऱ्यांवर एकाच क्षणी क्षेत्र मोजलं की ते कोणत्या दिशेने कसं बदलतंय हे कळतं, त्यावरून मधून किती करंट वाहतोय हेही काढता येतं. लहर कोणत्या कोपऱ्याला आधी आणि कोणत्याला नंतर लागली, यावरून तिची दिशा आणि वेग मिळतो. वेळ आणि जागा वेगळ्या होतात.

युरोपीय अंतराळ संस्थेने यासाठी क्लस्टर नावाची चार यानं बनवली. ४ जून १९९६ ला एरियन-५ रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात ती निघाली आणि साधारण ३७ सेकंदांत सगळं संपलं. कारण होतं सॉफ्टवेअर. ६४ बिटचा एक आकडा १६ बिटच्या जागेत बसवायचा प्रयत्न झाला, तो मावला नाही आणि दिशा सांभाळणारा कॉम्प्युटर कोलमडला. कोडिंग शिकणाऱ्यांना आजही हे उदाहरण दिलं जातं. पण चार यानं नव्याने बांधली गेली आणि २००० च्या जुलै-ऑगस्टमध्ये दोन-दोन करून सोयुझ रॉकेटने वर गेली. त्यांची नावं रुम्बा, साल्सा, साम्बा आणि टँगो. त्यांनी २०२४ पर्यंत, म्हणजे तब्बल दोन तपं काम केलं.

क्लस्टरमधली अंतरं प्रोटॉन पातळीला साजेशी होती. इलेक्ट्रॉनच्या जवळ जायला नासाची एमएमएस यानं मार्च २०१५ मध्ये गेली. ही चार यानं एकमेकांपासून अवघ्या ७ किलोमीटरवर उडाली आहेत. आपली जागा ठरवायला ती चक्क जीपीएस वापरतात. २०१९ मध्ये त्यांनी पृथ्वीपासून सुमारे १ लाख ८७ हजार किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्या जवळपास अर्ध्या वाटेवर, जीपीएस सिग्नल पकडून दाखवला. त्याच वर्षी काही आठवडे ही यानं समोशाचा आकार सोडून माळेतल्या मण्यांसारखी उडवली, खास सौर वाऱ्यातला टर्ब्युलन्स मोजण्यासाठी. माळेत प्रत्येक जोडीमधलं अंतर वेगळं ठेवता येतं, त्यामुळे एकाच वेळी वेगवेगळ्या आकाराचे भोवरे तपासता येतात.

सूर्याच्या दारात

दुसरी वाट म्हणजे भोवरे जिथे तयार होतात तिथेच जायचं. पार्कर सोलर प्रोब १२ ऑगस्ट २०१८ ला निघालं. एप्रिल २०२१ मध्ये ते पहिल्यांदा कोरोनाच्या आत शिरलं आणि २४ डिसेंबर २०२४ ला सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवरून, सेकंदाला १९० किलोमीटरहून जास्त वेगाने गेलं. उपकरणं ११ सेंटिमीटरपेक्षा थोड्या जास्त जाडीच्या कार्बन ढालीमागे सावलीत असतात. मॅग्नेटोमीटरचा बूम मागच्या बाजूला आहे. विद्युत क्षेत्राचे चार अँटेना मात्र ढालीबाहेर, थेट उन्हात! ते नायोबियमच्या मिश्रधातूचे आहेत, म्हणून टिकतात.

हे यान एकटं आहे, त्यामुळे टेलरची अडचण त्यालाही आहे. पण त्याच्या स्वतःच्या प्रचंड वेगाचा इथे फायदा होतो. प्लॅटफॉर्मवर उभं राहण्याऐवजी ते गाडीला आडवं धावत जातं, मग हिशोब पुन्हा थोडा जमतो.

आत्तापर्यंत काय कळलंय?

१. भोवरे गोल नाहीत. बारीक पातळीवर ते चुंबकीय रेषेच्या दिशेने लांबट, शेवयांसारखे असतात. क्लस्टरच्या चार यानांमुळे हे स्पष्ट दिसलं.

२. इलेक्ट्रॉन लहरींवर स्वार होतात. लहरीच्या वेगाने धावणारा इलेक्ट्रॉन तिच्यातली ऊर्जा घेतो, समुद्रात सर्फिंग करणाऱ्यासारखा. टक्कर न होता लहर मरते आणि कण तापतो. २०१९ मध्ये एमएमएसच्या डेटात याचा थेट पुरावा मिळाला. मात्र तो पृथ्वीपाशी अडून दाबल्या गेलेल्या सौर वाऱ्यातला होता, मोकळ्या वाऱ्यातला नव्हे.

३. चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळतात. हे पातळ करंटच्या पडद्यांमध्ये होतं. याच दाबल्या गेलेल्या भागात एमएमएसला २०१८ मध्ये असा प्रकार सापडला, ज्यात फक्त इलेक्ट्रॉन भाग घेतात आणि प्रोटॉन बाजूला राहतात.

४. सूर्याजवळ प्रोटॉन लहरींच्या तालावर तापतात. प्रोटॉनच्या घिरटीचा आणि लहरीचा ताल जुळला की ऊर्जा प्रोटॉनला मिळते. झोका योग्य वेळी ढकलल्यावर उंच जातो ना, तसं. पार्करच्या डेटात २०२२ मध्ये याच्या खुणा दाखवल्या गेल्या.

म्हणजे संशयित सापडलेत, एक नाही अनेक. कोणाचा वाटा किती, आणि तो कुठे-कधी बदलतो, हे अजून ठरायचंय.

भारत यात कुठे आहे?

आदित्य-एल१ हे २ सप्टेंबर २०२३ ला निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचलं. त्यावर सात उपकरणं आहेत. सौर वारा जागेवर मोजणारी त्यातली तीन: अहमदाबादच्या पीआरएलचं ॲस्पेक्स, तिरुवनंतपुरमच्या अंतराळ भौतिकी प्रयोगशाळेचं पापा आणि बेंगळुरूत बनलेलं मॅग्नेटोमीटर. पुण्याच्या आयुकाचं सूट हे उपकरण सूर्याचे अतिनील फोटो काढतं, ते वेगळं काम. एल१ पाशी नासाचं विंड हे यानही आहे, १९९४ मध्ये सोडलेलं. पण तिथल्या यानांमधली अंतरं बारीक भोवऱ्यांच्या मानाने फारच मोठी आहेत. त्यामुळे मोठ्या रचनांसाठी ती एकमेकांच्या जोडीला येतात, बारीक भोवऱ्यांसाठी मात्र प्रत्येक जण पुन्हा एकटाच.

पुढे काय?

चार यानांची एक मर्यादा आहे: एका वेळी जवळपास एकाच आकाराचे भोवरे नीट दिसतात. टर्ब्युलन्स मात्र सगळ्या आकारांत एकदम चालू असतो. म्हणून नासाने २०२२ मध्ये हेलिओस्वार्म मोहीम निवडली. एक मुख्य यान आणि आठ लहान, एकूण नऊ. चार यानांत सहा जोड्या होतात, नवांत ३६. समोसे मोजले तर एकाऐवजी १२६! लहान-मोठी अंतरं एकाच वेळी मिळतील. ही यानं या दशकाच्या अखेरीस सोडायचा बेत आहे.

नेहमी पडणारे प्रश्न

*यामुळे माझ्या मोबाइलचं जीपीएस बिघडतं का?*
या बारीक भोवऱ्यांमुळे थेट नाही. जीपीएसला त्रास होतो तो सूर्यावरच्या मोठ्या स्फोटांनंतर पृथ्वीच्या आयनांबरात उडणाऱ्या गोंधळामुळे. पण सौर वारा कसा तापतो आणि वेग घेतो, हे नीट कळल्याशिवाय त्या वादळांचे अंदाजही पक्के होणार नाहीत.

*विमानातला टर्ब्युलन्स हाच का?*
उतरंडीची कल्पना तीच. पण हवेत शेवट घर्षणाने होतो, इथे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांमुळे.

*नेटवर सौर वाऱ्याचा आवाज ऐकायला मिळतो, तो खरा असतो का?*
तो मायक्रोफोनने रेकॉर्ड केलेला नसतो. सर्च कॉइल किंवा अँटेनाचा सिग्नल ऑडिओत बदललेला असतो. डेटा खरा, आवाज आपण दिलेला.

*हा डेटा मला बघता येईल का?*
हो, फुकट. एमएमएस आणि पार्करचा डेटा नासाच्या सीडीएवेब या साइटवर आहे, आदित्यचा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर. पायथन येत असेल तर पायस्पेडास ही लायब्ररी वापरून आलेख काढता येतात. तासाभराचा डेटा घ्या, आलेख काढा आणि उतार कुठे मोडतो ते शोधा.

एक लक्षात ठेवा. तो आलेख बघताना आडव्या अक्षावर वेळ किंवा फ्रिक्वेन्सी लिहिलेली असेल, किलोमीटर नाही. यानाने मोजलेला असतो तो काळ. त्याचं अंतर आपण करतो, आणि ते करताना भोवरा गोठलेला होता असं मानून चालतो. ते मानणं किती बरोबर होतं, हे तपासायलाच एवढी यानं जोडीजोडीने वर जाताहेत.